डाव्या बाजूचा चेंडू

ताई,

लोक अजून मला विचारतात, तुमच्या घरात टेनिसचं एवढं वेड कुठून आलं. मी सांगते, आमच्या घरात टेनिस कुणालाच कळत नाही. आम्ही फक्त रेघ बघायचो. मे महिना संपत आला की पॅरिसच्या लाल मातीवर ती मोठी स्पर्धा सुरू व्हायची, सगळं जग चेंडूबरोबर मान इकडून तिकडं करायचं, आणि इंदूरच्या आपल्या घरात कूलरसमोर बसून आई, संजय आणि मी पडद्याच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका बाईकडं बघत राहायचो. पाय फाकलेले, तळवे गुडघ्यांवर, नजर पांढऱ्या रेघेवर. कोण जिंकलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं.

तुम्हाला तरी कुठं कळायचं? शेजारच्या जोशी भियांनी एकदा विचारलं होतं, "कुंदाजी, उस मैच में भारी कौन था?" तुम्ही म्हणालात, "भिया, मैं तो लाइन देख रही थी. त्या लाइनीवर कुणी नाचलं असतं तरी मला फक्त बूट दिसले असते." जोशी भिया आपल्या बायकोला म्हणाले, "लो, इतनी दूर जाके जूते देख के आ गईं." सगळ्यात जास्त तुम्हीच हसला होतात.

तुम्ही गेलात, आणि गेल्या रविवारी तुमचं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाल्यावर महूचे लोक एकेक करून उठले आणि बोलले. महूची पोरगी, शाळेत पीटी शिकवणारी, लाइन अंपायर होऊन पॅरिसच्या कोर्टावर उभी राहिली, असं म्हणाले. सगळं खरं आहे. पण शेवटच्या खेपेला तुम्ही तिथं किती घाबरून उभ्या होतात, हे कुणी बोललं नाही. त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि स्पर्धा या आठवड्यात पुन्हा सुरू झाली आहे, म्हणून मी लिहायला बसले आहे.

आधी जे बोलायचं राहिलं ते सांगते. मी संजयशी लग्न होऊन बेटम्याहून आले तेव्हा बारावी झाले होते. आमच्या घरात त्याच्या पुढं कुणी गेलं नव्हतं आणि जायचं असतं असं कुणाला वाटलंही नव्हतं. माझ्या आईनं शिकवून पाठवलं होतं तसं मी तुम्हाला वन्सं म्हटलं. "वन्सं काय? एकदम नव्वद वर्षांची वाटतेय मी. ताई म्हण. और सुन, पुढं शिकायचंय का नाही?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, माझं मलाच ठाऊक नव्हतं. तुम्ही हो धरलंत.

कॉलेजच्या खिडकीवरचा बाबू म्हणाला, तारीख निघून गेली. मी मुकाट्यानं घरी आले. तुम्ही नुकत्याच शाळेतून येऊन दारात बूट काढत होतात.

"त्यानं म्हटलं आणि तू आलीस? तारीख कुठं लावलीय, विचारलंस?"

"नाही."

"क्यूं?"

"भीती वाटली."

काढलेला बूट तुम्ही परत पायात घातलात. त्या खिडकीसमोर मला पुढं उभं केलंत आणि स्वतः मागं राहिलात. एक शब्द बोलला नाहीत. बोलले मीच, तेही चाचरत. ॲडमिशन झाली. येताना तुम्ही म्हणालात, "जो गप्प बसतो ना, त्याच्यावर काय अन्याय झाला ते कुणाला कळतच नाही." मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, आज वर्गात उभी राहून शिकवते. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. घरातल्या माणसाचे आभार कसे मानायचे, हे बेटम्याला शिकवत नाहीत.

आता त्या भीतीचं.

दर वर्षी पॅरिसला जाण्याआधी तुम्ही सरावाला महूला जायचात आणि मला सोबत न्यायचात. तिथलं ते जुनं मुरुमाचं कोर्ट. मला टेनिस येत नाही, पण रॅकेटनं चेंडू पलीकडं ढकलता येतो, आणि तुम्हाला तेवढंच हवं असायचं. मी रेघेच्या आसपास चेंडू मारायचे. बाहेर पडला की तुम्ही हात बाजूला ताणून "आउट" ओरडायचात. रेघेला अगदी चिकटून आत पडला की दोन्ही तळवे खाली पसरायचात. आणि सरळ सरळ आत पडला की काहीच नाही. नुसतं गप्प. लाइन अंपायर गप्प राहिला म्हणजे चेंडू आत, हे मला तिथं कळलं. मग आपण दोघी जाऊन जमिनीवर बघायचो, कारण मातीवर चेंडूचा लांबट ठसा उठतो. इतक्या वर्षांत त्या ठशानं तुम्हाला खोटं पाडलेलं मी बघितलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका सकाळी आपण बाजू बदलली. आता कोर्ट तुमच्या उजवीकडं आणि बाहेरची जागा डावीकडं आली. मी मारलेला चेंडू रेघेच्या चांगला बाहेर पडला. तुम्ही गप्प. मला वाटलं, मस्करी करताहात.

"ताई, बाहेर होता ना."

तुम्ही म्हणालात, "कोणता?"

ताई, मी आयुष्यात पुष्कळ घाबरले आहे, पण एका शब्दानं तशी कधी घाबरले नव्हते. चेंडू तुमच्या पुढ्यात पडला होता. ठसा तिथं होता. तुम्ही त्याच्याजवळ आलात, बराच वेळ खाली बघत राहिलात आणि म्हणालात, "धूळ गेली असेल डोळ्यात." त्या दिवशी वारा नव्हता.

परत येताना राऊच्या चौकात डाव्या अंगानं एक बस घुसली. भोंगा कानठळ्या बसवत होता आणि तुम्ही स्कूटी सरळ नेत होतात, रस्ता मोकळा असल्यासारखी. मी मागून तुमचा खांदा ओढला नसता तर हे पत्र दुसऱ्याच कुणाला लिहावं लागलं असतं. आपण रसाच्या गाड्यापाशी थांबलो. ग्लास हातात धरून तुम्ही नुसत्या उभ्या होतात.

"ताई, जाण्याआधी डॉक्टरला दाखवू या."

"हिवाळ्यात डोळ्यांचं सर्टिफिकेट घेतलंय. सगळी अक्षरं वाचली."

"समोरची."

"मगज नको खाऊ, सुनीता."

"दाखवायला काय जातं?"

"आणि त्यांनी जाऊ नका म्हटलं तर?"

"तर नाही जायचं."

तुम्ही मला समजावल्यासारखं हळू बोललात. "हे बघ. एखादा चेंडू दिसला नाही तर तसं सांगायची सोय असते आमच्यात. दोन्ही हात असे डोळ्यांपुढं धरायचे. खुर्चीवरचा अंपायर समजतो, स्वतः बघतो. मी ते करीन. शब्द देते."

"पण ताई, दिसलं नाही हे कळायला तरी दिसायला पाहिजे ना."

तुम्ही तोंड फिरवलंत. गाडीवाल्याला म्हणालात, "भैया, बर्फ बहोत डाल दिया," आणि ग्लास तसाच ठेवलात.

घरी मी सगळं सांगितलं. तुम्ही अडवलं नाहीत. आई म्हणाल्या, जाऊ नको. संजय चिडला. "सगळीकडं रेघेवर मशीन लागल्या आता, ताई. माणसं पाहिजेतच कशाला?"

"म्हणून तर जाते," तुम्ही म्हणालात. "ही एक जागा उरलीय जिथं माणूस खुर्चीवरून उतरतो आणि मातीत वाकून बघतो. पुढच्या वर्षी तिथंही मशीन आलं तर? एक बार जाऊ दे ना, संजू. आल्यावर तू म्हणशील तिथं दाखवते."

तुम्ही संजू म्हटलं की तो नेहमीच गप्प व्हायचा.

स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी दुपारी तुम्ही दिसलात. एका नामांकित खेळाडूसमोर कुणी नवीन मुलगी होती, पात्रता फेरीतून वर आलेली, तिचं नावही टीव्हीवाल्यांना नीट घेता येत नव्हतं. शेवटच्या सेटला तुम्ही तिच्या मागं, उजव्या हाताच्या लांब रेघेवर उभ्या होतात. कोर्ट तुमच्या डावीकडं. मी सबंध सेट उशी पोटाशी धरून बसले होते. काही झालं नाही. ती मुलगी हरली, तुम्ही रांगेत चालत बाहेर गेलात. फोनवर म्हणालात, "झालं. ठीक झालं." आई देवाबिवाचं काही मानत नाहीत, पण त्यांनीही वर बघून हात जोडले.

मग दोन-तीन दिवसांनी ते झालं. जोशी भिया पोहे घेऊन आले होते. खेळ चालू होता आणि मधेच एक खेळाडू थांबली. कॅमेरा वळला. तुम्ही सरळ उभ्या होतात आणि दोन्ही हात डोळ्यांपुढं धरले होते.

"काय झालं तिला? रडतेय का?" आई उठूनच उभ्या राहिल्या.

"चक्कर आ गई क्या?" जोशी भिया म्हणाले.

मी म्हणाले, "नाही. त्या सांगताहेत की त्यांना दिसलं नाही."

पडद्यावर अंपायर खुर्चीवरून उतरला, लाल मातीवरून चालत आला, तुमच्यासमोर वाकला. त्यानं काय ठरवलं ते मला आठवत नाही. मला तुमचे हात आठवतात. ते खाली आले तेव्हा ते कुठं ठेवायचे हे तुम्हाला कळत नव्हतं. सगळ्या जगासमोर एखाद्यानं असं सांगणं सोपं नाही, आणि तुम्ही शब्द पाळलात. पण मला अभिमान नंतर वाटला. आधी एवढंच कळलं, की राऊच्या चौकापासून मी ज्याला घाबरत होते ते खरं होतं.

सामना संपल्यावर तुम्ही स्वतः मुख्य अंपायरांकडं गेलात आणि सांगितलंत, मला उतरवा. त्यांनी तुम्हाला घरी पाठवलं. संजय विमानतळावर घ्यायला आला तेव्हा तुम्ही तुमच्या उजव्या बाजूच्या माणसाशी बोलायला लागलात. संजय डावीकडं उभा होता.

स्कॅनमध्ये मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी नीट समजावलं की डोळ्यांना काही झालेलं नाही, पण डावीकडचं जे काही आहे ते तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचत नाही हे तुम्हाला समजतही नाही. तिथं काळं दिसत नाही. तिथं काहीच नसतं. रसाच्या गाड्यावरचं माझं वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकताना मी खाली बघत होते. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, की हे काही महिन्यांपासून असणार.

त्यांना काय माहीत, त्या एका वाक्यानं तुमचं वर्ष कसं जाणार होतं.

दोन दिवसांनी मी तुमचे उरलेले केस विंचरत असताना तुम्ही म्हणालात, "सुनीता, ती पहिल्या दिवशीची मुलगी."

"कोण?"

"हरलेली. शेवटच्या सेटमधे एक चेंडू आला. तिला गाठता आला नाही. ती थांबली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. विचारल्यासारखं. मग ती माझ्या डावीकडं गेली आणि पुढचं मला आठवत नाही. मी आउट म्हटलं नव्हतं. हातही पसरले नव्हते. मी गप्प होते."

"म्हणजे आत असणार."

"आत होता म्हणून गप्प होते, की दिसलाच नाही म्हणून?"

मी कंगवा खाली ठेवला.

"नंतरच्या सामन्यात हात वर केले ना, ते तरी मला कुठं कळलं होतं? चेंडूचा आवाज आला, समोर काही नव्हतं, आणि ती खेळाडू ओरडली. ती ओरडली म्हणून मला कळलं. ही पोरगी ओरडली नाही. नवीन पोरी भांडत नाहीत, सुनीता. कुठल्यातरी छोट्या गावची असेल. तो चेंडू बाहेर असेल आणि ती गप्प बसली असेल, माझ्या तोंडाकडं बघून."

संजयनं तुमचा प्रत्येक सामना रेकॉर्ड करून ठेवला होता. मी म्हणाले, बघू या. तुम्ही म्हणालात, नको. मी म्हणाले, मग मी एकटी बघते.

"तू बघितलंस तर तुझ्या तोंडावरून मला कळेल. मी आहे तोवर नको."

आपण यावर किती भांडलो, ताई. मी म्हणायचे, कळलेलं बरं. वाईट असेल तर वाईट, पण कळलेलं बरं. "तुम्हीच तर मला त्या खिडकीवर परत नेलं होतं."

"तू खिडकीच्या बाहेर होतीस," तुम्ही म्हणालात. "इथं मी आतल्या बाजूला, बाबूच्या जागी बसलेय."

एकदा तुम्ही मला निरुत्तर केलंत, एकदा मी तुम्हाला. दोन्ही भांडणं तशीच राहिली.

पण त्या मुलीला तुम्ही सोडलं नाहीत. कुठल्या कुठल्या देशांतल्या छोट्या छोट्या स्पर्धांचे निकाल मी फोनवर शोधून तुम्हाला वाचून दाखवायचे. हरली म्हटलं की तुम्ही भिंतीकडं तोंड करायचात. जिंकली म्हटलं की अर्धी पोळी जास्त जायची. आईंना वाटायचं, तुम्हाला खेळाचं वेड आहे. मोठ्या स्पर्धा कोण जिंकलं हे तुम्ही कधी विचारलंच नाही. हिवाळाभर तुमच्या तोंडी एकच. "घरी जाऊन तिनं काय सांगितलं असेल?" औषधांनी तुमची जीभ जड झाली होती तेव्हाही मला तो प्रश्न ओळखू यायचा. शेवटच्या आठवड्यात तुम्ही फक्त भुवई उचलायचात, आणि मी म्हणायचे, "जिंकली, ताई." खरंच जिंकली होती. मी तुमच्याशी त्याबाबत एकदाही खोटं बोलले नाही.

तुम्ही सकाळी गेलात. मी तुमच्या उजव्या बाजूला बसले होते, म्हणजे तुम्हाला दिसत असणार.

काल दुपारी आई झोपल्या होत्या आणि संजय ऑफिसला गेला होता. मी दार लोटून घेतलं आणि ते रेकॉर्डिंग लावलं. आता माझ्या तोंडावरून कुणाला काही कळणार नव्हतं. पण समजा चेंडू बाहेर निघाला, तर? तुम्हाला सांगायचं नाही, तिला सांगायचं कसं, आणि मी हे मनात घेऊन तुमच्या फोटोसमोर कशी उभी राहणार होते? दोनदा बंद केलं. तिसऱ्यांदा शेवटचा सेट लावला.

तो चेंडू आला. तुम्ही सांगितलं होतं अगदी तसाच. ती धावली, पोहोचली नाही. चेंडू रेघेपाशी पडला. तुमचे हात गुडघ्यांवरून हलले नाहीत, मान हलली नाही, खांदेसुद्धा नाहीत. ताई, तुम्हाला तो दिसला नव्हता. मी तुम्हाला महूच्या कोर्टावर इतकी वर्षं बघितलं आहे, दिसलेल्या चेंडूला तुमचं अंग कसं उत्तर देतं ते मला ठाऊक आहे. तेवढी भीती खरी होती.

ती थांबली. तिनं तुमच्याकडं बघितलं. मग ती तुमच्या डावीकडं गेली. इथून पुढचं तुमच्याजवळ नव्हतं.

ती ठशापाशी उभी राहिली. वाकली. खुर्चीवरचा अंपायर पुढं सरकला, उतरायच्या तयारीत. मातीवर खेळणाऱ्यांना चेंडू बाहेर वाटला तर ते त्या खुणेभोवती रॅकेटनं गोल काढतात, कुणाला तिथं पाय ठेवू देत नाहीत, अंपायर येईपर्यंत जागा सोडत नाहीत. आणि चेंडू आत होता हे त्यांचं त्यांनाच दिसलं, तर ते बुटानं ती खूण पुसतात आणि आपल्या जागी जातात.

तिनं बूट पुढं केला आणि खूण पुसली.

मग जाता जाता तिनं तुमच्याकडं बघून हात किंचित वर केला, उगाच शंका घेतली म्हणून माफी मागावी तसा. तुम्ही सरळ समोर बघत होतात. तिला वाटलं असेल, काय ताठ बाई आहे.

मी चित्र तिथंच थांबवलं. तिचा हात वर आहे, ती काही पावलांवर आहे, आणि तुम्ही रेघेकडं बघत उभ्या आहात. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन जमिनीवर बसले, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, ताई, मान वळवा. जराशी. डावीकडं.